छोटा दांडा

फोर बाय फोर थार गाडीत चालकाच्या डाव्या हाताला दोन दांडे असतात. एक उंच, गिअरचा. तो दिवसभर राबतो आणि त्याची मूठ हाताच्या घामाने गुळगुळीत होते. त्याच्या शेजारचा ठेंगणा. त्याच्या मुठीवर पांढऱ्या अक्षरांत चार खुणा आहेत: टू एच, फोर एच, एन आणि फोर एल. आमच्या भाच्याच्या थारमध्ये ही अक्षरं अजून कोरी करकरीत आहेत, कारण आगाशीत या दांड्याचं वर्ष आरामात जातं. विरार स्टेशनकडून अर्नाळ्याला जाताना रिक्षा, बस आणि मासळीचे टेम्पो यांतून वाट काढायला मागची दोन चाकं पुरतात. तेव्हा हे महाशय टू एचवर बसून असतात. ताई त्यांच्या गळ्यात भाजीची पिशवी अडकवते. भाचा ती काढतो, ती परत अडकवते.

स्वभावाने हा तुटक. गिअरच्या दांड्यासारखा तो बोटांनी हलत नाही, मनगट लावावं लागतं. टू एचवरून फोर एचवर घेतला की खालून एक कोरडा ‘खट’ येतो आणि समोर दिवा लागतो. तेवढ्यात पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट मागच्याशी जखडला जातो. आता दोघांनी एकाच वेगाने फिरायचं, कुरकुर चालणार नाही. फोर एलसाठी मात्र गाडी थांबवून क्लच दाबावा लागतो, मग तो मधल्या एनवरून पलीकडे जातो. तिथे वेग साधारण अडीचपट कमी होतो आणि ओढ तेवढीच वाढते.

आमच्याकडची खारी हवा लोखंडाला सोडत नाही, आणि वर्षभर न हललेला दांडा नेमका गरजेच्या दिवशी अडून बसतो. म्हणून भाचा अधूनमधून पावसाळ्यात गाडी वाडीच्या वाटेला घालतो. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, कडेने केळीच्या रांगांमधून जाणारी ती वाट, आणि तीत पोटरीभर चिखल. तिथे दांड्याची कवायत होते. डांबरी रस्त्यावर ती करायची नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा मारतात. दोन्ही शाफ्ट जखडलेले असले की हा फरक जिरवायला चाकांनी थोडं घसरायला हवं. चिखलात ती घसरतात. डांबर घसरू देत नाही, मग सगळा ताण आतल्या आत साठतो, स्टिअरिंग जड होतं, चाकं चरचरतात आणि दांडा रुसतो. टू एचवर यायलाच तयार होत नाही. ओढून उपयोग नसतो. चार हात रिव्हर्स घेतलं की ताण सुटतो आणि मघाशी हटून बसलेला हा प्राणी मुकाट्याने जागेवर येतो.

त्याचं खरं काम मी पाहिलं ते मनालीच्या वर, जानेवारीत. आगाशीपासून मनाली अठराशे किलोमीटरच्या वर. नाशिकच्या कारखान्यात जन्मलेला आणि चाफ्या-मोगऱ्याच्या वासात वाढलेला हा दांडा तिथवर टू एचवरच झोपून आला.

बर्फ पडला की सोलंगच्या पुढे पोलिस फक्त फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात. बाकीच्यांनी तिथल्या माणसाची गाडी भाड्याने करायची. आमच्या खिडकीशी आलेला हवालदार माझ्याशी बोलला नाही, भाच्याकडेही त्याने पाहिलं नाही. वाकून थेट छोट्या दांड्याकडे पाहिलं आणि हात हलवला, चलो. सबंध प्रवासात त्याला मिळालेला एवढाच मान.

पुढे धुंडीपर्यंतचा रस्ता डोंगराच्या सावलीत. ताजा बर्फ पडलेला होता तिथे फोर एच छान चालला. गाडी हळू, पण हट्टाने चढत होती. खरी परीक्षा होती ती दाबून दाबून काचेसारख्या झालेल्या पट्ट्यांवर. तिथे भाच्याने पहिला गिअर टाळला, थेट दुसऱ्यावर गाडी उचलली. पहिल्याची ओढ एवढी की चाक जागच्या जागी गरकन फिरतं, खालचा बर्फ आणखी घोटतं आणि स्वतःसाठीच आरसा तयार करतं. याच कारणाने सपाट गोठलेल्या रस्त्यावर फोर एलची ताकद कामाची नाही, उलट नडते. फोर एल हवा तो खोल बर्फात रुतलेली गाडी इंचाइंचाने काढताना, उभ्या चढावर, आणि उतारावर. उताराचं पुढे सांगतो.

चारही चाकं ओढतात हेसुद्धा अर्धसत्य आहे. छोटा दांडा पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांना बांधतो. एकाच धुऱ्यावरच्या डाव्या-उजव्या चाकांत वाटणी करतो तो डिफरन्शियल, आणि तो दोघांना सारखंच देतो. म्हणजे ज्या चाकाखाली गुळगुळीत बर्फ, त्याला जेवढं झेपतं तेवढंच दुसऱ्यालाही. पुढचं एक आणि मागचं एक चाक बर्फावर आलं की ती दोघं भिरभिरतात, उरलेली दोघं उभी बघतात, आणि चार चाकी ओढ असलेली गाडी जागची हलत नाही. आता बऱ्याच गाड्या फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून ओढ दुसऱ्याकडे वळवतात, काहींत मागचा डिफरन्शियल लॉकही होतो. तिथे आमच्या दांड्याचं कर्तृत्व नाही. श्रेय मात्र त्यालाच मिळतं.

धुंडीला अटल बोगदा सुरू होतो. सीमा सडक संघटनेने बांधलेला, 3 ऑक्टोबर 2020 ला खुला झालेला, 9.02 किलोमीटरचा. बाहेर दोन्ही तोंडांशी बर्फ, आत कोरडा ठणठणीत रस्ता! तोंडाजवळचा, टायरांनी आत ओढून आणलेला बर्फाचा चिखल संपला की भाचा दांडा टू एचवर घेतो आणि लाहौलच्या बाजूला उजेड दिसू लागला की पुन्हा फोर एचवर. शेजारून जाणारे बरेच जण फोर एच लावून सबंध बोगदा पार करत होते. सरळ रस्त्यावर ताण कमी येतो हे खरं, पण टायरची झीज थोडी कमी-जास्त असली तरी नऊ किलोमीटरभर तो साठत राहतो. मी विचारलं तर भाचा म्हणाला, “मामा, त्याला कोरड्यावर राबवलं की बिल आपल्याला येतं.”

परतताना संध्याकाळ झाली होती. दुपारी उन्हाने वितळलेलं पाणी रस्त्यावर पसरलेलं असतं आणि ऊन गेलं की तेच गोठतं. पातळ, पारदर्शक, खालचं डांबर दिसेल असं. वाटतं की रस्ता नुसता ओला आहे. शून्याच्या आसपासचा असा ओलसर बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षाही निसरडा. कोरड्या डांबरावर ताशी 40 किलोमीटरवरून ब्रेक लावला तर गाडी साधारण 9 मीटरमध्ये थांबते, बर्फावर 60 मीटरच्या पुढे जाते. हा शाळेतल्या घर्षणाच्या गणिताचा हिशोब आहे, आणि त्यात गाडी टू एचवर आहे की फोर एलवर याला जागाच नाही. ब्रेक साध्या मारुतीलाही चारही चाकांना असतात. छोटा दांडा गाडी निघायला मदत करतो, थांबण्याच्या वेळी त्याचं काही चालत नाही.

नेमकी इथेच माणसं फसतात. चढताना तो इतका भरवसा देतो की उतरतानाही तो आहेच असं वाटतं. आमच्या पुढे एक भलीमोठी गाडी होती, मागच्या काचेवर ठळक अक्षरांत फोर बाय फोर. वळणाच्या अलीकडे तिचे लाल दिवे लागले, आणि दिवे तसेच लागलेले असताना ती शांतपणे आडवी होत गेली, कडेच्या बर्फाच्या ढिगात रुतून थांबली. कुणाला लागलं नाही. खाली उतरून चालक पहिल्यांदा टायरकडे बघत बसला. टायर चांगले जाड खाचांचे होते, पण आपल्याकडचं रबर सात अंशांच्या खाली कडक होत जातं. बर्फाच्या देशांत हिवाळ्यासाठी मऊ रबराचे वेगळे टायर असतात ते उगीच नाही. आणि चारही चाकांना साखळ्या असल्या तर त्यांची बरोबरी कुठलाच दांडा करत नाही.

भाच्याने त्या वळणाच्या बऱ्याच आधी गाडी थांबवून फोर एल घातला होता. दुसरा गिअर, पाय ब्रेकवरून पूर्ण बाजूला. इंजिनाचा आवर चारही चाकांत वाटला जातो, आणि पुढचा-मागचा धुरा जखडलेला असल्याने एकट्या मागच्या चाकांनी अडून शेपूट फिरवायची शक्यता कमी होते. गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने गुरगुरत उतरत राहिली. बाजूने उतरणारा एक मनालीचा चालक खिडकीतून ओरडला, “ब्रेक मत मारना!” भाचा हसला. मी उगीचच दारावरची मूठ घट्ट धरली.

हल्ली नव्या गाड्यांत गोल बटण असतं. स्कॉर्पिओ-एनच्या फोर बाय फोरमध्ये ‘स्नो’ असा वेगळा मोडच आहे. तो लावला की ॲक्सिलरेटर मवाळ होतो, घसरणाऱ्या चाकाला आवरायचं काम संगणक बघतो. भाच्याचं मन आता तिच्यात अडकलंय. मलाही ते शहाणपणाचं वाटतं, कारण बर्फावर बहुतेक चुका उजव्या पायाच्या असतात आणि ‘स्नो’ नेमका त्या पायालाच शिकवतो. आमचा दांडा पायाला काही शिकवत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच करतो, आणि चुकीचं सांगितलंत तर तेही तितक्याच निष्ठेने करतो.

तरी ताई त्याच्या बाजूने आहे. नवी गाडी बघायला शोरूममध्ये गेलो तेव्हा तिने ते गोल बटण दोनदा फिरवून पाहिलं आणि विचारलं, “मग पिशवी कुठे अडकवायची?”