दुपारचा सूर्य उत्तरेला!

मी प्राथमिक शाळेत शिकवतो. ‘विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू आपल्या उलट असतात’ हे वाक्य मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल, देव जाणे! पण खरं सांगू? तुमच्यासारखंच मीही ते नुसतं पाठ केलं होतं. ते खऱ्या अर्थानं समजलं, ते रस्ता चुकल्यावर.

माझी धाकटी बहीण ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात राहते. मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे जायचं ठरलं. निघण्याआधी चौथीतल्या एका चिमुरडीनं विचारलं, “गुरुजी, तिकडची माणसं खाली डोकं वर पाय अशी चालतात का हो?” सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, “बघून येतो आणि सांगतो.”

मुंबईहून सिंगापूर साडेपाच तास, मग विमान बदलून पुढे साडेसात तास. एकूण अंतर सुमारे 10,000 किलोमीटर! सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ, जेमतेम सव्वा अंश उत्तरेला आहे. त्यामुळे विमान उडाल्यावर थोड्याच वेळात आम्ही विषुववृत्त ओलांडलं. समोरच्या छोट्या पडद्यावरच्या नकाशात ती रेघ दिसत होती. मी श्वास रोखून बसलो. काय झालं? काहीच नाही! पेल्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. शेजारचे आजोबा तर घोरत होते.

मेलबर्नच्या विमानतळावर सोबतच्या खाऊची नोंद एका कार्डावर करावी लागते. आईनं बहिणीसाठी साताऱ्याचे कंदी पेढे दिले होते. मी खरं काय ते लिहिलं आणि पेढे तिथेच ठेवून घेतले गेले. वाईट वाटलं, पण कारण पटलं. आपल्याकडे गुरांना लाळ्या-खुरकूत रोग होतो, तो ऑस्ट्रेलियात नाही. दुधाच्या पदार्थांतून त्याचे विषाणू येऊ नयेत, म्हणून ही काळजी.

बाहेर आलो तर काय, गारठा! साताऱ्यात अंगाची लाही होत होती आणि इथे झाडांची पानं पिवळी-तांबडी होऊन गळत होती. घड्याळ साडेचार तास पुढे करावं लागलं. सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळला, पण पोट मात्र म्हणत होतं, “अजून दुपारच आहे!”

दुसऱ्या दिवशी बहीण म्हणाली, “दादा, मला काम आहे. तू ट्राममधून फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनला उतर. तिथून सरळ उत्तरेला पंधरा मिनिटं चाल, उजव्या हाताला मोठं ग्रंथालय लागेल. दीड वाजता स्टेशनच्या घड्याळांखाली भेटू.” मेलबर्नमध्ये सुमारे 250 किलोमीटर लांबीचे ट्राममार्ग आहेत. जगातलं हे सर्वांत मोठं ट्रामचं जाळं. शहराच्या मध्यभागी तर ट्रामला तिकीटही लागत नाही!

उतरलो तेव्हा साडेबारा वाजले होते. उत्तर कुठली? विचारायचं कशाला, मी तर गुरुजी! आपल्याकडे वर्षाचे बरेच महिने भरदुपारी सूर्य थोडा दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणजे सूर्याकडे पाठ केली की समोर उत्तर. झालं! ऊन पाठीवर घेत मी ऐटीत निघालो. पूल लागला, खाली यारा नदी. मग मोठी बाग. ग्रंथालयाचा पत्ताच नाही! थोड्या वेळानं महायुद्धातल्या सैनिकांचं भव्य स्मारक समोर आलं. एक वाजून गेला होता. माझ्या मोबाइलमध्ये तिथलं कार्ड नव्हतं. छातीत धडधडायला लागलं.

शेवटी बाकावर बसलेल्या एका आजीबाईंना विचारलं. त्यांनी हसून जमिनीवरच्या माझ्या सावलीकडे बोट केलं. “दुपारी सावली जाते तिकडे दक्षिण,” त्या म्हणाल्या. माझी ट्यूब पेटली! इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. मी अगदी उलट दिशेला चाललो होतो! धावतपळत घड्याळांखाली पोचलो, तेव्हा पावणेदोन झाले होते. बहीण रडकुंडीला आली होती. मी कान पकडले.

त्या रात्री अंगणात उभं राहून आकाश पाहिलं. चंद्रावरचा ससा उलटा! आपल्याकडे मे महिन्यात दक्षिण क्षितिजाजवळ दिसणारा त्रिशंकू तिथे उंच, जवळजवळ डोक्यावर होता. ऑस्ट्रेलियाच्या झेंड्यावरही तो आहे. आणि आपला ध्रुवतारा? तो तिथून दिसतच नाही. तो क्षितिजाखालीच राहतो. लहानपणापासून ज्याला ‘अढळ’ म्हणत आलो, तोच दिसेना. तेव्हा मात्र घर फार लांब आहे, असं वाटलं.

परत आल्यावर त्या चिमुरडीला सांगितलं, “बाळ, तिकडची माणसं सरळच चालतात. उलटा चाललो तो मी!”

तुम्हीही एक करून बघा. अंगणात सरळ काठी रोवा आणि भरदुपारी सावली कुठे पडते ते रोज टिपा. मे महिन्यात एक दिवस ती काठीच्या बुडाशीच लपेल. प्रत्येक गावाची तारीख वेगळी, बरं का! तुमची कुठली, ते काठीलाच विचारा. आणि वाट चुकलात, तर गुरुजींसारखा हट्ट न करता लगेच विचारा.