ठिपक्यांची साक्ष

राहुरीच्या मळ्यांतून हिंडताना पिकांवरील लहानसे भुंगेरे न्याहाळण्याचा छंद आम्हांस जडला. येथे कृषी विद्यापीठ असल्याने किडींची चर्चा चहाच्या टपरीवरही चालते. ती ऐकून ऐकून आम्हीही स्वतःस जाणकार समजू लागलो होतो.

एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही बाहेर आलो, तोच धर्मग्रामातील एका मावशींनी नातवाचा मोबाइल पुढे केला. फोटोत वांग्याच्या पानावर नारिंगी पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा, मसुराएवढा भुंगेरा होता.

"फादर, ह्याला मारायचं का ठेवायचं?"

आम्ही ठिपके पाहिले आणि तत्काळ निवाडा दिला, "मावशी, हा ढालकिडा. मावा खातो. शेतकऱ्याचा मित्र आहे, राहू द्या." वर हेही सांगितले, की युरोपातील भाविकांनी त्याला पवित्र मरियेचे नाव दिले, इंग्रजी 'लेडीबर्ड'मधील 'लेडी' म्हणजे मरियामाताच. त्याच्या सात ठिपक्यांत त्यांनी तिची सात दुःखे पाहिली. मावशींनी भक्तिभावाने क्रूसाची खूण केली.

दोन आठवड्यांनी त्यांच्या वाफ्यावर गेलो, तर पानांतील हिरवा गर खरवडला जाऊन केवळ शिरांची जाळी उरली होती. बाजारात न्यायची पाटी अर्धीही भरली नव्हती.

घरी येऊन तो फोटो मोठा करून पाहिला. सात ठिपक्यांच्या ढालकिड्याची पाठ गुळगुळीत, चकचकीत असते. मान काळी आणि तिच्या दोन्ही कोपऱ्यांवर पांढरे डाग. प्रत्येक पंखावर तीन ठिपके आणि सातवा मधोमध, मानेलगत. फोटोतील जीवाची पाठ मात्र निस्तेज, बारीक लव असलेली, मानही नारिंगीच. ठिपके तर मोजता मोजता अठ्ठावीस भरले. तो हड्डा भुंगेरा होता. कुळ ढालकिड्याचेच, पण आहार पानांचा. पानांखालच्या त्याच्या पिवळ्या, काटेरी अळ्याही तेच खात होत्या.

आम्ही मावशींची क्षमा मागितली. त्या एवढेच म्हणाल्या, "फादर, तुम्ही किडा बघितला, पान नाही बघितलं."

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. निदणाच्या दाखल्यातील चाकरांना उपटण्याची घाई झाली होती; आम्हांस अभय देण्याची झाली. दोहोंत उणीव एकच, धीराने पाहण्याची. माणसांविषयीच्या कागाळ्या आणि शिफारशी घेऊनही लोक आमच्याकडे येतात. तेथेही आम्ही किती वेळा वरचे ठिपके पाहूनच निवाडा दिला असेल, या विचाराने मन खजील होते.

आता कोणी असा फोटो दाखविला, की आम्ही आणखी तीन मागतो: पाठीचा जवळून, मानेचा समोरून आणि ज्यावर तो बसला आहे त्या पानाचा, दोन्ही अंगांनी. मावशींच्या वाफ्यातील अंडी व अळ्या आम्ही दोघांनी हातांनी वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. झाडांना पुन्हा पालवी फुटली. एका कोवळ्या पानावर परवा एक चकचकीत पाठ दिसली. या वेळी आम्ही ठिपके मोजले, मान पाहिली, पान उलटून पाहिले आणि मगच मावशींना हाक मारली.