रीमर

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा कारखान्यात एक वृद्ध उस्ताद काम करीत असत. नव्या उमेदवाराला ते एके दिवशी तेलकट फडक्यात जपून गुंडाळलेले एक हत्यार दाखवीत. बोटाएवढा जाड पोलादी दांडा, आणि त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत धारदार पन्हळी. कारागीर त्याला रीमर म्हणतात.

गिरमिट लाकडात वाट काढते, ड्रिल लोखंडात. रीमरला नवी वाट काढता येत नाही. दुसऱ्याने पाडलेल्या भोकात शिरून ते किंचित मोठे, नेमके वाटोळे व गुळगुळीत करणे, एवढेच त्याचे काम. पण हे 'एवढेच' फार फसवे आहे. ड्रिलने पाडलेले भोक डोळ्यांना वाटोळे दिसले, तरी त्याची भिंत खरबरीत असते. म्हणून दहा मिलिमीटरचे भोक हवे असेल, तर जाणता कारागीर आधी ते ९.८ मिलिमीटरचेच पाडतो व उरलेले रीमरसाठी राखून ठेवतो. मग तेलाचे चार थेंब सोडून, रीमर सरळ उभा धरून तो सावकाश फिरवावयाचा. तोही एकाच दिशेने. बाहेर काढतानासुद्धा उलटा फिरवावयाचा नाही.

एका उमेदवाराला ही सावकाशी मानवेना. त्याने रीमर उलटा फिरवून ओढला. धातूचा कीस धारेखाली अडकला आणि भिंतीवर लांबच लांब ओरखडा उमटला.

"उस्ताद, थोडे आणखी फिरवून तो काढून टाकतो," मुलगा म्हणाला.

"अरे, लहान भोक मोठे होईल. मोठे झालेले लहान कसे करशील?"

तीन दिवस खपून घडविलेला तो भाग भंगारात गेला. उस्ताद रागावले नाहीत. मुलाला तेच अधिक लागले.

नाशिकजवळ ओझर येथे १९६४ साली विमानांचा कारखाना स्थापन झाला. तेथे मिग व पुढे सुखोई ही लढाऊ विमाने तयार झाली. विमानाच्या सांगाड्यात भोके असतात हजारो. एखादा बोल्ट सैल बसला, तर उड्डाणाच्या हादऱ्यांनी भोकाची कड झिजते आणि तेथूनच तडा जाऊ लागतो. केसाएवढ्या फरकावर वैमानिकाचा जीव अवलंबून असतो, तो असा!

इंग्रजीत रीमर याच नावाचे आणखी एक साधन आहे, आणि ते असते स्वयंपाकघरात: मोसंबीचा रस काढण्याचा पन्हळीदार सुळका. द्राक्षांच्या नाशकात त्याचे कौतुक ते काय, असे कोणी म्हणेल. पण घरात आजारी माणूस असले, की मोसंबीच आठवते. या नावाच्या मुळाशी 'जागा मोकळी करणे' असा अर्थ आहे. दोन्ही साधने आत शिरून, फिरत फिरत, तेच तर करतात!

त्या संध्याकाळी तो मुलगा आजारी आजोबांसाठी रस काढावयास बसला. कारखान्यातला सल अजून मनात होता. अर्धी मोसंबी सुळक्यावर ठेवून त्याने ती जोराने दाबली.

"हळू रे," आजी म्हणाली. "सालीखालचे पांढरे खरवडलेस, तर रस कडू होईल."

मुलाने हात सैल केला, आणि मोसंबी पुन्हा फिरवू लागला.