एकवीस आणि इप्पत्तोंदु

मराठी माणूस एकवीस म्हणतो तेव्हा आधी एक सांगतो आणि मग वीस. कन्नड माणूस इप्पत्तोंदु म्हणतो, त्यात वीस आधी येतात आणि एक मागून. बेळगावच्या खडेबाजारात किंवा निपाणीच्या बाजारात हे दोन्ही उच्चार एकाच तराजूपाशी ऐकू येतात. वहीत मात्र दोघेही २१ च लिहितात, म्हणून या कारणाने कुणाचा व्यवहार अडल्याचे आम्हांस आठवत नाही. संगणकांचे मात्र अडते.

आमच्या वाचनालयात ॲपल कंपनीचा एक जुना आयबुक आहे. एका सभासदाच्या परदेशस्थ चिरंजीवाने दिलेला. त्याचा प्रोसेसर पॉवरपीसी जातीचा. १९९१ साली ॲपल, आयबीएम आणि मोटोरोला यांनी एकत्र येऊन ही जात निर्माण केली. २००५ मध्ये ॲपलने इंटेलकडे जाण्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी ते स्थलांतर पूर्णही केले. इंटेल जातीचे प्रोसेसर मोठी संख्या साठवताना तिचा लहान भाग आधी ठेवतात, म्हणजे एकवीस म्हणतात; आमचा आयबुक मोठा भाग आधी ठेवतो, म्हणजे इप्पत्तोंदु म्हणतो. जगातील बहुसंख्य यंत्रे मराठीत मोजतात आणि मराठी वाचनालयातले यंत्र तेवढे कन्नडमध्ये, ही गंमत सभासदांना फार आवडते.

या यंत्रावर लिनक्स बसवलेले आहे. लिनक्सवर नवी आज्ञावली हवी असली की एरवी एक ओळ टंकित करायची. डेबियनसारख्या संस्थेच्या कोठारातून तयार पॅकेज उतरते आणि दोन मिनिटांत काम होते. पण ‘तयार’ म्हणजे कुणीतरी त्या जातीच्या प्रोसेसरसाठी आधी घडवून ठेवलेले. मूळ आज्ञावली माणसाला वाचता येईल अशी, सर्वांसाठी एकच आणि खुली. तिचे यंत्राच्या भाषेतले रूप मात्र जातीगणिक वेगळे. आमच्याकडे निम्म्या वेळा उत्तर येई की असे पॅकेज नाही. शेजारचा मुलगा तेव्हा अभियांत्रिकीला होता. तो म्हणाला, “काका, नाही म्हणजे जगात नाही असं नव्हे. आपल्या यंत्रासाठी कुणी घडवलेलं नाही, एवढंच.”

मग तो घडवू लागला. मूळ आज्ञावली आणायची, ती ज्या इतर आज्ञावल्यांवर अवलंबून आहे त्या आणायच्या, त्यांतली एखादी नसली तर आधी ती घडवायची. एका पॅकेजापायी अख्खी रात्र जाई आणि पहाटे वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. एवढे करून पॅकेज बसले तरी ते बरोबर चालेलच असे नाही. लिहिणाऱ्याने सगळे जग एकवीसच म्हणते असे धरलेले असते. चित्रे पाहण्याच्या एका आज्ञावलीत आमच्या जुन्या अंकांच्या मुखपृष्ठांवरचा तांबडा रंग निळा दिसू लागला. प्रत्येक रंगाचे आकडे उलट्या क्रमाने वाचले जात होते. मुलाने दोन ओळी बदलल्या, तांबडा परत आला आणि ती दुरुस्ती त्याने मूळ लेखकाला कळवली.

देवनागरीने मात्र कधी त्रास दिला नाही. डेबियनच्या कोठारात लोहित देवनागरीसारख्या अक्षरवळणांच्या पॅकेजांपुढे प्रोसेसरची जात लिहिलेली नसते. ‘सर्व’ असे लिहिलेले असते. अक्षरांना जात नाही. ती कागदावर, म्हणजे पडद्यावर, उमटवणाऱ्या आज्ञावलीला असते.

जून २०१७ मध्ये डेबियनची नववी आवृत्ती आली. अधिकृत जातींच्या यादीत आमची पॉवरपीसी नव्हती. याबद्दल तक्रार करावी असे आम्हांस वाटत नाही. यादीत राहायचे तर हजारो पॅकेजे सतत घडवणारी, तपासणारी माणसे लागतात आणि ती सारी बहुधा स्वेच्छेने राबणारी. माणसे उरली नाहीत की जात यादीतून जाते. १९९१ साली लिनक्स ज्या ३८६ प्रोसेसरवर जन्मले, त्याचाही आधार २०१२ मध्ये काढला गेला, तिथे आमच्या आयबुकाची काय कथा! मात्र यादीबाहेरच्या जातींसाठी डेबियनने एक वेगळी ओसरी ठेवली आहे. तिथे मूठभर लोक पॉवरपीसीची पॅकेजे अजून घडवतात. हमी कसली नाही. जे आहे ते आहे.

नवा संगणक घ्या, असे कार्यकारिणीत प्रत्येक वर्षी कुणीतरी सुचवते. सूचना गैर नाही. पण निपाणीच्या एका निवृत्त शिक्षकांनी तीन पावसाळे बसून वाचनालयाची सारी दाखलनोंद या यंत्रावर टंकित केली. ते गेले, यंत्र चालू आहे. चालते यंत्र केवळ त्याच्यासाठी राबणारे कुणी नाही म्हणून टाकावे, हे आम्हांस पटत नाही. इंटरनेटला ते आम्ही जोडत नाही, एवढी सावधगिरी पुरे. दाखलनोंदीची एक प्रत दुसरीकडेही ठेवलेली आहे.

तो मुलगा आता पुण्यात नोकरी करतो. गेल्या दिवाळीत येताना त्याने तळहाताएवढे एक यंत्र आणले. त्याचा प्रोसेसर रिस्क-फाइव्ह जातीचा. ही जात २०१० साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झाली. तिची आज्ञासूची खुली आहे. मद्रास आयआयटीचा शक्ती आणि सीडॅकचा वेगा हे प्रोसेसर याच जातीचे. कित्येक वर्षे ती आमच्या शेजारी त्याच ओसरीवर बसलेली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियनच्या तेराव्या आवृत्तीने तिला अधिकृत यादीत घेतले.

“ही एकवीस म्हणते की इप्पत्तोंदु?” आम्ही विचारले.

“एकवीस.”

आमची दाखलनोंद त्याने त्या यंत्रावर उघडून दाखवली. शिक्षकांनी लिहिलेली नावे जशीच्या तशी आली, ‘ळ’ सुद्धा. परत जाताना त्याने आयबुकासाठी चार पॅकेजांची यादी लिहून घेतली. त्यांतली दोन ओसरीवर मिळाली. उरलेली दोन तो पुण्यात रात्री घडवतो आहे.