पेटीवरचे टिळक

साठ-सत्तरच्या दशकांत नगर, जालना, मिरज, पुण्याकडच्या ख्रिस्ती घरांत वाढलेल्या आम्हा पोरांना रेव्हरंड नारायण वामन टिळक दोन ठिकाणी भेटायचे. दिवसा शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ पाठ करताना, आणि रात्री घरच्या प्रार्थनेत. गुरुजी त्यांना फुलामुलांचे कवी म्हणायचे. आमच्या आज्यांना त्यांची भजनं तोंडपाठ. कवितांशी त्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं.

‘उपासना संगीत’ हे ख्रिस्ती गीतांचं पुस्तक घरोघरी असायचं. पुठ्ठा सुटलेला, त्यावर वर्तमानपत्राचं कव्हर. गीत नावानं कोणी सांगत नसे, क्रमांकानं सांगत. क्रमांक उच्चारला की काका पान न उघडता पेटीवर सूर धरायचे. आमच्या घरच्या प्रतीत फक्त शब्द होते. चाल कानावरून कानावर यायची. त्यामुळे नगरची चाल एक, मुंबईची दुसरी, आणि दोन्हीकडचे आपलीच खरी म्हणणार. नवी सून पहिल्या नाताळला माहेरच्या चालीत सुरू झाली की सासूबाई झांजा खाली ठेवायच्या. महिनाभरात सून सासरच्या चालीवर येई. बाकी सगळं तिनं ऐकलं नाही तरी चाले!

टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत, फेब्रुवारी 1895 मध्ये झाला. तोवर देवळात विलायती चालींवर बेतलेली गीतं बरीच होती. शब्द मराठी, पण सुराच्या मापात ते आखडायचे. कुठे ऱ्हस्व ताणायचं, कुठे दीर्घ गिळायचं. टिळकांवर तुकोबांचा पगडा होता. त्यांनी अभंग, ओव्या, पदं लिहिली, आणि पेटी-तबल्याला देवळात हक्काची जागा मिळाली. वाट अगदी कोरी नव्हती. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी नगरला त्यांच्याही आधी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. सांगळ्यांचं नाव आज कितीजणांना माहीत आहे? हे मला खटकतं. टिळक 1919 साली गेले. त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, कीर्तनंही केली. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे त्या साऱ्या महाराष्ट्राच्या झाल्या, आमच्याकडच्या म्हाताऱ्या मात्र त्यांचा उल्लेख घरातल्या थोरल्या जावेसारखा करत.

मिशनरी निकोल मॅक्निकोल यांनी टिळकांचं एक पद इंग्रजीत नेलं, ते तिकडच्या गीतसंग्रहांतही गेलं. त्याचं कौतुक आहेच. पण ही भजनं जगवली ती मिशन शाळेतल्या मास्तरांनी, दवाखान्यातल्या नर्सबाईंनी, पगार झाल्यावर हप्त्यानं पेटी घेणाऱ्या कारकुनांनी. तबल्यावर बहुधा एखादा मामा असे. ठेका द्रुत करण्याची त्याला भारी हौस, आणि पाळकसाहेबांनी डोळे वटारले की तेवढ्यापुरता विलंबित. यांतल्या कोणाचंही नाव पुस्तकात छापलेलं नाही. माझ्या मते अर्धं श्रेय त्यांचं आहे. शब्द टिळकांचे, पण आम्ही जे गायलो ते या मंडळींनी बसवलेलं.

आता देवळात कीबोर्ड आहे, पडद्यावर शब्द दिसतात, पोरं हिंदी-इंग्रजी कोरस झोकात म्हणतात. म्हणोत. आपल्या घरी त्या पिढीतलं कोणी असेल, तर येत्या रविवारी त्यांना पेटीवर बसवा आणि चाली मोबाइलवर उतरवून घ्या. गावाचं नाव आणि वाजवणाऱ्याचं नाव तेवढं आधी सांगायला लावा.