चाहता आणि सहृदय

मराठी समीक्षेच्या परिभाषेत कलाकृतीचा आस्वाद घेणाऱ्यासाठी शब्दांची वाण नाही. रसिक, आस्वादक, भावक, सहृदय हे शब्द आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. वाचकलक्ष्यी सिद्धांतांनी त्यांत गर्भित वाचकाची आणि आदर्श वाचकाची भर घातली. ‘चाहता’ हा शब्द मात्र ह्या परिभाषेत कधी आला नाही. तो क्रिकेटच्या मैदानावर, नटनट्यांना येणाऱ्या पत्रांत आणि चित्रपटगृहाबाहेरच्या रांगेतच राहिला. चाहत्याला आवड असते, अभिरुची नसते, असे आपण न बोलता गृहीत धरलेले दिसते. प्रस्तुत लेखात ह्या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. ती सर्वस्वी तटस्थपणे करणे मला शक्य नाही, कारण मी स्वतः चाहता आहे. वीस वर्षे मी पदव्युत्तर वर्गांना साहित्यशास्त्र शिकवतो आहे. आणि त्याहून अधिक वर्षे अद्भुतपट, भयपट व चित्रकथांवरून निघालेले चित्रपट, शक्यतो पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाला, पाहत आलो आहे.

ही आवड लागली ती ‘चांदोबा’तल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टींतून, इंद्रजाल कॉमिक्समधून आणि वाचनालयातल्या नारायण धारपांच्या पुस्तकांतून. इंद्रजालने ली फॉक यांच्या फँटमला आपल्या भाषेत ‘वेताळ’ हे नाव दिले होते. दूरच्या जंगलातला तो मुखवटेधारी नायक ह्या एका नावासरशी आम्हां मुलांच्या ओळखीचा झाला. स्मशानाशी, पिंपळाशी, अमावास्येशी जोडलेले सारे संस्कार त्याला आयते मिळाले. पुढे १९९३ साली महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ पाहिला. तात्या विंचूची ती बाहुली म्हणजे रामदास पाध्ये यांची करामत आहे, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. ठाऊक असल्याने भय तसूभरही कमी झाले नाही. विश्वास आणि आस्वाद यांचे नाते वाटते तितके सरळ नाही, ह्याची ती पहिली जाणीव असावी.

हा प्रश्न केवळ खाजगी आवडीनिवडीचा असता, तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने मराठी भयकथेवर पीएच.डी.साठी आराखडा तयार केला. भय भाषेतून कसे उभे राहते, वाक्य कोठे तुटते, निवेदक काय दडवतो, असे तिचे प्रश्न होते. विषयाचे वाङ्मयीन मूल्य काय, अशी पृच्छा समितीत झाली आणि ‘भयकथेतील समाजचित्रण’ असा पर्याय सुचवण्यात आला. तिने तो स्वीकारला. प्रबंध पुरा झाला, पदवीही मिळाली. त्यात समाजचित्रण पुष्कळ आहे. जे तिला तपासायचे होते ते भय एका प्रकरणाच्या उत्तरार्धात उरले आहे.

समितीने वावगे काही केले असे म्हणता येत नाही. आपल्या समीक्षाव्यवहाराची रीतच तिने पाळली. अद्भुत व भयानक यांना ह्या व्यवहारात प्रवेश मिळतो तो दोन वाटांनी. एक, ते निरुपद्रवी पलायन आहे म्हणून क्षम्य. दुसरी, ते कशाचे तरी रूपक आहे म्हणून आदरणीय. जॉर्डन पील यांचा ‘गेट आउट’ (२०१७) वर्णभेदाचे रूपक म्हणून, गिलेर्मो देल तोरो यांचा ‘द शेप ऑफ वॉटर’ (२०१७) बहिष्कृतांच्या प्रेमाचे रूपक म्हणून प्रतिष्ठित ठरला. ही अर्थनिर्णयने खोटी नाहीत. परंतु पाण्यातला तो खवलेधारी जीव पडद्यावर प्रथम दिसतो त्या क्षणी मला जे होते, त्याचा उलगडा त्यांतून होत नाही. रूपक उलगडल्यावर जीव शिल्लक राहतोच, आणि आस्वाद त्या शिलकेचा असतो.

पाश्चात्त्य समीक्षेत ह्या प्रश्नाला कोलरिजने १८१७ साली दिलेले उत्तर सर्वपरिचित आहे: आस्वादक आपला अविश्वास स्वेच्छेने काही काळ स्थगित करतो. टोल्किन यांना हे उत्तर पटले नव्हते. परीकथेवरील आपल्या निबंधात त्यांनी असा युक्तिवाद केला की, अविश्वास स्थगित करावा लागणे हेच कलाकृती फसल्याचे लक्षण होय. ती साधते तेव्हा आपण तिच्या दुय्यम जगात खरोखरीच विश्वासाने वावरत असतो. चाहत्याच्या अनुभवाला हे वर्णन अधिक जवळचे आहे. मात्र हा विश्वास कोठून येतो, ह्याचे सर्वांत नेमके विवेचन मला आढळले ते अभिनवगुप्तांच्या ‘अभिनवभारती’त. रसास्वादातील सात विघ्नांची चर्चा करताना त्यांनी पहिले स्थान दिले आहे ते संभावनाविरहाला. जे दाखवले जात आहे ते संभवनीयच वाटले नाही, तर मन त्यात प्रवेश करीत नाही आणि पुढचे सारे खुंटते. ह्यावर त्यांनी सुचवलेले उपाय दोन आहेत. शक्यतो लोकसामान्य वस्तू घ्यावी; आणि समुद्रोल्लंघनासारखे लोकोत्तर कर्म दाखवायचे असेल, तर रामासारखा नायक घ्यावा, ज्याची प्रसिद्धी दीर्घ परंपरेने प्रेक्षकाच्या मनात आधीच रुजलेली आहे.

हे विवेचन शिकवताना दरवेळी मला चित्रपटगृह आठवते. ‘ॲव्हेंजर्स : एज ऑफ अल्ट्रॉन’ (२०१५) ह्या चित्रपटात एका मेजवानीच्या प्रसंगी सारे वीर थॉरचा हातोडा उचलण्याची पैज लावतात. जो पात्र असेल त्यालाच तो उचलता येतो. कॅप्टन अमेरिका हात घालतो तेव्हा हातोडा किंचित हलतो, आणि थॉरच्या चेहऱ्यावरचे हसू क्षणभर मावळते. प्रसंग तेथेच संपतो. चार वर्षांनी, २०१९ सालच्या ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’मध्ये, तोच हातोडा रणभूमीवरून उडून कॅप्टन अमेरिकेच्या हाती जातो. त्या क्षणी चित्रपटगृहात जो कल्लोळ उठला, त्यात मीही होतो. २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून गणले तर हा बाविसावा चित्रपट. जो केवळ हा एकच पाहील, त्याला एका योद्ध्याने दुसऱ्याचे शस्त्र उचललेले दिसेल. ज्याने आधीचे पाहिले आहेत, त्याला एका माणसाची पात्रता चार वर्षे झाकून ठेवलेली आणि आता उघड झालेली दिसते. विभाव तोच, फरक आहे तो आस्वादकाच्या मनात साठलेल्या संस्कारांचा.

चाहत्याचे ज्ञान म्हणजे निरर्थक तपशिलांची जंत्री, असा समज आहे. वरील उदाहरणात ते ज्ञान आस्वादाची पूर्वअट म्हणून काम करते. अभिनवगुप्तांच्या मते सहृदयता केवळ जन्मजात नसते. काव्याच्या दीर्घ सहवासाने ती घडते. चाहताही असाच घडलेला असतो. आपल्या परंपरेला हा प्रकार अनोळखी नाही. सिंधुदुर्गातल्या दशावतारात काळ्या वेषातला संकासुर रंगभूमीवर येतो तेव्हा तो वेद पळवणार आणि विष्णूच्या हातून मरणार, हे रांगत्या पोराच्या आजीपासून सर्वांना ठाऊक असते. कीर्तनाच्या उत्तररंगातले आख्यान कोणी शेवट कळावा म्हणून ऐकत नाही. ठाऊक असलेले आज कसे घडते, ह्यात रस असतो. आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ने (२०२४) कोकणातील लोकसमजुतीची हीच पुंजी वापरली. मुंजीनंतर अकाली मेलेला मुलगा पिंपळावर राहतो, हे आपल्याकडे पटवून द्यावे लागत नाही. डॉमिनिक अरुण यांच्या ‘लोका’ ह्या मल्याळम चित्रपटाने (२०२५) केरळच्या दंतकथेतली यक्षी नीली हिलाच आधुनिक शहरातली महानायिका केले.

भयपटाच्या संदर्भात आणखी एक अडचण निघते. भय दुःखद असेल, तर ते आपण पैसे मोजून का मागतो? नोएल कॅरल यांनी १९९० सालच्या आपल्या ग्रंथात ह्या विरोधाभासाची सविस्तर चर्चा करून असे उत्तर दिले की, राक्षस आपल्या वर्गीकरणात बसत नाही, म्हणून तो किळसवाणा असतो आणि त्याच कारणाने जिज्ञासा चाळवतो. अभिनवगुप्तांनी ‘शाकुंतला’तल्या, रथापुढे पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. ते हरीण पाहताना मी भ्यालो, तो भ्याला, शत्रू भ्याला, असा कोणताच संबंध मनात राहत नाही; स्थळकाळातून सुटलेले नुसते भय प्रतीत होते. कॅरल राक्षसाकडे पाहतात, अभिनवगुप्त भयाकडे. चांगल्या भयपटाला ह्या दोन्ही नजरा लागतात.

ह्या दृष्टीने राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) मला विशेष महत्त्वाचा वाटतो. त्यातला हस्तर कोणत्याही पुराणात नाही. समृद्धीच्या देवीचा हा ज्येष्ठ पुत्र सोने घेतो, धान्यावर हात टाकताना इतर देवांकडून मार खातो, आणि कधीही पुजला जाणार नाही ह्या अटीवर आईच्या गर्भात दडतो. ही कथा कल्पित असल्याने परंपरागत प्रसिद्धीचा आधार तिला नाही. मग संभावनाविरहाचे विघ्न टळते कसे? येथे अभिनवगुप्तांचा पहिला उपाय कामी आलेला दिसतो. अद्भुताभोवती सर्वत्र लोकसामान्य वस्तू आहेत: न थांबणारा पाऊस, पडका वाडा, कंदील, दोर, मळलेली कणीक, पुण्याच्या सावकाराकडे मोजली जाणारी नाणी. गर्भात उतरणारा विनायक रोजच्या कामाला निघालेल्या माणसासारखा दोर बांधतो. हस्तर कणकेच्या बाहुलीवर तुटून पडतो तेवढ्या अवधीत त्याच्या लंगोटातून जमतील तेवढ्या मोहरा काढायच्या. हा व्यवहार पुन्हापुन्हा दाखवल्याने अद्भुताला धंद्याची सवय लागते, आणि खरी भीती त्या सवयीची वाटू लागते.

येथे भयानक आणि बीभत्स यांची जी वाटणी झाली आहे, ती लक्षात घेण्यासारखी आहे. भयाचा विषय हस्तर आहे. जुगुप्सेचा विषय हळूहळू विनायक होतो. अंगातून झाड उगवलेली, मरण नाकारले गेलेली म्हातारी पाहून अंगावर काटा येतो. पण तिच्याकडून गुपित काढून घेणाऱ्या विनायकाचा शांत चेहरा अधिक अस्वस्थ करतो. लोभ वाईट, हे तात्पर्य चित्रपटाच्या प्रारंभीच सांगून टाकलेले आहे, त्यामुळे ते शोधण्याचे श्रम प्रेक्षकाला पडत नाहीत. आस्वाद आहे तो लोभाला तोंड, भूक आणि अंधारातली जागा मिळण्याचा.

ह्या चित्रपटाची वंशावळही बोलकी आहे. त्याचे नाव आले श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ ह्या १९८७ च्या कादंबरीवरून. कथेमागची एक प्रेरणा नारायण धारपांची ‘आजी’ ही कथा, आणि तिचे मूळ स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’ ह्या कथेत. पेंडसे आपल्या वाङ्मयेतिहासात सन्मानाने आहेत. धारपांना त्याच इतिहासात मिळालेली जागा मात्र फार तोकडी आहे. कलाकृतीने दोघांकडून सारख्याच मोकळेपणाने घेतले. भेद करतो तो अभ्यासक्रम. ‘मुक्तामाले’पासून (१८६१) मराठी कादंबरीचा आरंभकाळ अद्भुतरम्यतेने भरलेला आहे, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो, पण बहुधा वास्तववादाकडे जाण्याची एक कच्ची पायरी म्हणून. व्हेनिस महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाचे उद्घाटन २०१८ साली ‘तुंबाड’ने झाले. प्रदर्शनाच्या वेळी त्याला बेताचाच प्रेक्षक लाभला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक चालला. मधल्या सहा वर्षांत चाहत्यांनी तो एकमेकांना सांगितला होता. ज्या हस्तराला प्रसिद्धी नव्हती, ती त्यांनी त्याला मिळवून दिली.

चाहता आणि सहृदय एकच, असा माझा दावा नाही. प्रसिद्धी हे जसे आस्वादाचे साधन आहे तसे ते भांडवलही आहे. ‘एंडगेम’नंतर मार्व्हलच्या चित्रपटांत पूर्वज्ञानाची अपेक्षा वाढत गेली आणि त्या ज्ञानाला मिळणारे फळ आटत गेले. ‘द मार्व्हल्स’ (२०२३) नीट समजण्यासाठी आधी दूरचित्रवाणी-मालिका पाहाव्या लागत होत्या. ह्या मालेतील सर्वांत कमी उत्पन्नाचा चित्रपट तोच ठरला. ओळख पटल्याचा आनंद आणि कलाकृतीचा आनंद यांत अंतर आहे. ते पुसट झाले की चाहता ग्राहक होतो. दुसरा धोका मालकीहक्काचा. आपल्याला ठाऊक आहे तसेच घडले पाहिजे, असा हट्ट चाहता धरतो. सहृदय तो धरत नाही.

गंमत अशी की, ह्या हट्टाची सर्वांत मार्मिक समीक्षा मला एका चित्रकथापटातच भेटली. ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये (२०२३) असंख्य विश्वांतले स्पायडर-मॅन एकत्र येतात आणि माइल्स ह्या मुलाला सांगतात की, प्रत्येकाच्या कथेत काही घटना अटळ असतात; जवळचा एखादा पोलीस अधिकारी मरावाच लागतो. मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून झालेल्या मुंबाटन नगरीत, पवित्र प्रभाकर ह्या स्पायडर-मॅनच्या गावी, माइल्स नेमक्या अशाच एका अधिकाऱ्याला वाचवतो आणि कथेचा नियम मोडतो. पुढची पाळी त्याच्या वडिलांची आहे. परंपरेने ठरवलेला शेवट त्याने मान्य करावा की नाही, ह्या प्रश्नावर चित्रपट थांबतो. हा प्रश्न भासाने ‘ऊरुभंगा’त दुर्योधनाला नायकपण देताना सोडवला होता, असे मी वर्गात सांगतो. विद्यार्थी दोन्ही नावांना सारखेच दचकतात.

आपल्या समीक्षेपुढे म्हणून काम आहे ते प्रवेशपत्रे वाटण्याचे नाही. भय आणि विस्मय हे स्थायीभाव भरताने आठांत गणले आहेत. त्यांच्यासाठी वेगळी शिफारस लागू नये. पडद्यावर किंवा पानावर ते कसे निष्पन्न होतात, कोठे फसतात, कोणत्या संस्कारांवर उभे राहतात, हे तपासण्याची साधने आपल्याजवळ हजार वर्षांपासून आहेत. ती आपण बहुधा करुण आणि शृंगार यांच्यासाठी राखून ठेवली. आता कोणी विद्यार्थी भयकथेवर आराखडा घेऊन आला, तर शीर्षकात ‘भय’ हा एकच शब्द राहू द्यावा, असे मी त्याला सुचवीन, आणि समितीत त्या शब्दाची बाजू मांडण्याची तयारी ठेवीन.