यादीतल्या प्रत्येक वस्तूमागचं ‘का?’



‘प्रवासाची तयारी’ हा निबंध आपण दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. त्यात बॅग भरणे, दशम्या-चटणी आणि पहाटेची एसटी हमखास असते. गाडीची कागदपत्रे आणि सुरक्षेचे सामान यांवर मात्र एक ओळही नसते. म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

माझी मोठी बहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. मागच्या उन्हाळी सुट्टीत मी आणि आई तिच्याकडे गेलो होतो. तिथल्या शाळांना मे अखेरीस आठवड्याची सुट्टी असते. त्या सुट्टीत ताई आणि दाजी त्यांची कॅरॅव्हॅन घेऊन फ्रान्सला, नॉर्मंडीला जाणार होते. कॅरॅव्हॅन म्हणजे कारच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं छोटं घर. झोपायला बाकडी, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, सगळं आत. पण गाडी चालू असताना त्यात कुणी बसायचं नाही, सगळ्यांनी कारमध्येच.

कागदपत्रांची फाईल

आम्हा दोघींची तयारी गावाकडूनच सुरू झाली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत असल्यामुळे परदेशी जाण्याची रीतसर परवानगी मी आधी काढली. ब्रिटनचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही, त्यासाठी शेंगेन व्हिसा वेगळा लागतो. तो मिळवायला किमान 30,000 युरोंचा प्रवासी आरोग्य विमा काढावा लागतो. आईला मधुमेह आहे. तिच्या गोळ्यांच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घेतलं, कारण कंपनीचं नाव देशागणिक बदलतं.

ताईच्या फाईलमध्ये सगळ्यांचे पासपोर्ट, दाजींचं लायसन्स, कारचं मूळ नोंदणीपत्र (आपल्या आरसीसारखं, तिकडे त्याला लॉगबुक म्हणतात), कार आणि कॅरॅव्हॅन दोन्हींच्या विम्याचे कागद आणि रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत मिळण्याचा वेगळा विमा होता. पहिल्याच पानावर दाजींनी मोठ्या अक्षरांत कॅरॅव्हॅनचं वजन, लांबी, उंची आणि टायरचा आकार लिहून ठेवला होता.

सामान आणि त्यामागचं कारण

माझी नऊ वर्षांची भाची यादी वाचायची, दाजी वस्तू दाखवायचे आणि ती प्रत्येक वेळी विचारायची, “हे कशाला?” ‘असू दे’ हे उत्तर तिला चालत नव्हतं. तिला मिळालेली उत्तरं अशी:

1. हेडलाईटवर चिकटवायच्या पट्ट्या: ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, फ्रान्समध्ये उजवीकडून. तिकडे आपला दिवा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जाईल. पट्टीमुळे झोत वळतो.

2. यूके अक्षरांचं स्टिकर: गाडी कोणत्या देशाची ते कळावं म्हणून. पूर्वी जीबी असायचं, 28 सप्टेंबर 2021 पासून यूके झालं. कॅरॅव्हॅनमुळे कारची मागची पाटी झाकली जाते, म्हणून कारचाच नंबर आणि स्टिकर कॅरॅव्हॅनच्या मागेही लावायचं.

3. चमकणारी पिवळी जॅकेटं: प्रत्येकाला एक. डिकीत नाही, सीटजवळ ठेवायची. जॅकेट घ्यायला रस्त्यावर उतरावं लागलं तर त्याचा उपयोग काय?

4. लाल त्रिकोण: गाडी बंद पडल्याची खूण. पण मोटरवेवर तो ठेवायला मागे चालत जाऊ नये, जिवावर बेतू शकतं.

5. लांब बाहेर येणारे आरसे: कॅरॅव्हॅन कारपेक्षा रुंद असते, साध्या आरशात मागचं दिसत नाही.

6. पोलादी तार: जोड सुटलाच तर ही तार ताणली जाऊन कॅरॅव्हॅनचा ब्रेक आपोआप लागतो.

वजनाचाही हिशोब असतो, बरं का! जड सामान खाली आणि चाकांच्या वर ठेवायचं. मागचं टोक जड झालं तर वेगात कॅरॅव्हॅन शेपटीसारखी डोलू लागते. विज्ञानातला समतोल शिकवायला याहून चांगलं उदाहरण कुठलं?

आईने आणलेलं साजूक तूप मात्र लेस्टरलाच राहिलं. 2021 पासून ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. आई थोडी हिरमुसली. भाचीलाही एक नियम जड गेला. फ्रान्समध्ये दहा वर्षांखालच्या मुलांनी मागेच बसायचं असतं, त्यामुळे पुढच्या सीटचा हट्ट सोडावा लागला.

यादी कामाला आली

फोकस्टनला फ्रान्सचे अधिकारी इंग्लंडच्या बाजूलाच पासपोर्ट तपासतात. मग गॅस सिलेंडर बंद असल्याची खात्री करून गाडीसकट रेल्वेत चढायचं. समुद्राखालून 35 मिनिटांत आपण कॅलेजवळ पोहोचतो.

कॅले सोडून तासभर झाला असेल. मागून फाडकन आवाज आला. कॅरॅव्हॅनचा टायर फुटला होता. दाजींनी सावकाश गाडी उजव्या कडेला घेतली. बाहेर पाऊस, शेजारून मोठाले ट्रक सुसाट जात होते. आई घाबरून डावीकडचं दार उघडू लागली. तेवढ्यात भाची म्हणाली, “आजी, तिकडून नाही! आधी जॅकेट घाल, मग इकडून उतरायचं.” रहदारी डावीकडे होती. आम्ही उजवीकडून उतरलो आणि लोखंडी कठड्यापलीकडे जाऊन उभे राहिलो.

फ्रान्सच्या टोल असलेल्या मोटरवेवर आपल्या ओळखीचा मेकॅनिक बोलावता येत नाही. कडेच्या नारिंगी फोनवरून किंवा 112 वर कळवायचं, मग ठरलेलीच मदतगाडी येते. फोनवर टायरचा आकार विचारला आणि भाचीने फाईलचं पहिलं पान वाचून दाखवलं. आईच्या गोळ्यांचं पाकीट आणि बिस्किटं ताईच्या खांद्यावरच्या पिशवीतच होती. पाऊण तास भिजलो, पण आईची वेळेची गोळी चुकली नाही आणि कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

जॅकेट तर सगळ्यांकडेच होतं. पण ते कशासाठी आणि कधी, हे नऊ वर्षांच्या मुलीला ठाऊक होतं, म्हणून ती आजीला अडवू शकली. आपण मुलांना ‘हेल्मेट घाला’, ‘रांगेत चला’ असं रोज सांगतो. कारण सांगायला मात्र वेळ नसतो.

वर्गात काय घेता येईल?

- सहलीआधी मुलांच्या गटांकडून यादी करून घ्या. प्रत्येक वस्तूपुढे ‘कशासाठी?’ आणि ‘कुठे ठेवायची?’ असे दोन रकाने असू द्या.
- प्रथमोपचार पेटी उघडून एकेका वस्तूचं काम मुलांनाच सांगू द्या.
- पालकांनी गाडीची आरसी, विमा, पीयूसी मुलांना दाखवावेत आणि मुदतीची तारीख त्यांनाच शोधायला सांगावी. तारीखवाचनाचा सराव आपोआप होतो.

माझ्या चौथीच्या वर्गात सहलीची यादी करताना एका मुलाने लिहिलं: ‘शिट्टी – हरवलो तर. खिशात, दप्तरात नको.’ त्या ओळीला मी वहीत तारा काढून दिला. तुमच्या वर्गातल्या याद्याही जरूर कळवा.